पाणी आधी, सोबत मग

पूर्व विदर्भातल्या तलावांत एक मासोळी अशी आहे की तिच्या अंगातून पलीकडचं दिसतं. बोटाच्या दोन-तीन पेरांएवढी लांबी, चपटं अंग, पाठीचा कणा आणि त्यातून फुटलेला एकेक काटा बाहेरून मोजावा इतका स्पष्ट. पोटाचा भाग तेवढा रुपेरी झाकणात असतो. जाळं ओढलं की ती झिंग्यांबरोबर, कार्पच्या पिल्लांबरोबर बारीक मासळीत निघते आणि वाट्यावर विकली जाते. तिला वेगळा भाव नाही. शास्त्रज्ञ तिला परांबासिस रंगा म्हणतात, मत्स्यपालनाच्या शौकिनांत ती ग्लास फिश म्हणून ओळखली जाते. आग्नेय आशियात या पारदर्शक माशाला सुईने गुलाबी, हिरवा, पिवळा रंग टोचायचा आणि ‘रंगीत ग्लास फिश’ म्हणून विकायचं, असा धंदा कैक वर्षं चालला. टोचलेला रंग काही महिन्यांत उतरतो. सुईच्या जखमेतून रोग शिरतात आणि पुष्कळ मासे त्याआधीच मरतात. ब्रिटनमधल्या शौकिनांच्या एका मासिकाने १९९०च्या दशकात याविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा कुठे तिकडच्या दुकानांतून हे मासे कमी झाले.

ज्या मासोळीला जगाच्या बाजारात रंग टोचून विकलं गेलं, ती आपल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, फुकट पोहते आहे. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली, मूलच्या किंवा गडचिरोलीच्या घरांत काचेची पेटी येते तेव्हा तिच्यात ॲमेझॉनचे मासे पडतात आणि पंधरा दिवसांत मरतात. ही गोष्ट मला मनापासून खटकते. म्हणून हा लेख.

दिवाळीच्या आसपास पेट्या जास्त खपतात. घराला रंग दिलेला असतो, बैठकीतला एक कोपरा मोकळा असतो, पोरांनी हट्ट धरलेला असतो. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, मोबाइलच्या दुकानात, नव्या बांधलेल्या घरात निळ्या दिव्याची दोन फुटी टाकी दिसू लागते. जिल्ह्याच्या गावी एका दुकानात संध्याकाळची गर्दी बघत उभा होतो. एक गृहस्थ दोन मुलींना घेऊन आले होते. त्यांनी विचारलेला प्रश्न सगळेच विचारतात: “भाऊ, याच्यात कोणते कोणते मासे संग राहीन?” दुकानदाराने भिंतीवरच्या टाक्या दाखवल्या. मुलींनी रंग पाहून बोट ठेवलं. चार एंजल, सहा निऑन, दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब आणि काच साफ करायला एक सकर, असा पुडा तयार झाला. गर्दी ओसरल्यावर दुकानदार स्वतःच म्हणाला, “सर, लोक रंग पाहून नेते. पाणी कोणतं भरता, थे कोणी सांगत नाही, अन् मी इचारलं तर म्हणते, पाणी म्हणजे पाणीच.”

दुकानदाराला नेमकं ठाऊक होतं. कोण कोणासंगं राहील हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, आपल्या नळाच्या नाहीतर बोअरच्या पाण्यात कोण राहील, हा आहे.

आपल्याकडच्या कित्येक बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, गुंडाच्या तळाशी पांढरा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो, हे बायांना कोणी सांगावं लागत नाही. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात आणि बहुधा पाणी आम्लाकडून अल्कलीकडे झुकलेलं असतं. निऑन टेट्रा हा मासा मूळचा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातल्या, पालापाचोळा कुजून चहाच्या रंगाच्या झालेल्या मऊ, आम्ल पाण्यातला. हल्ली निऑन हॅचरीत वाढवतात, त्यामुळे ते पूर्वीइतके नाजूक राहिलेले नाहीत, तरी आपल्या बोअरच्या पाण्यात ते रमत नाहीत. डिस्कस तर त्याहून हट्टी. त्याला २८ ते ३० अंश उष्णता आणि मऊ पाणी दोन्ही हवं. याउलट गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणीच मानवतं. म्हणजे दुकानात जो मासा सगळ्यांत स्वस्त म्हणून आपण मागे टाकतो, तोच आपल्या पाण्याचा निघतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो हे देशभर माहीत आहे. बैठकीतल्या टाकीचं पाणी तेव्हा ३३-३४ अंशांवर सहज जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. आणि नेमकं त्याच वेळी माशांच्या अंगातली घडामोड वेगाने चालते, म्हणजे त्यांना जास्त प्राणवायू लागतो. गोल्डफिश हा तर थंड पाण्याचा मासा, चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी तळ्यातल्या कार्पसारख्या माशापासून निवडून निवडून घडवलेला. १८ ते २२ अंशांत तो सुखी असतो. त्याला सावलीच्या मे महिन्यात दोन फुटी काचेत ठेवणं म्हणजे त्याचा छळ आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही. वास्तुशास्त्राच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश एका टाकीत ठेवायला सांगतात. हा मासा चांगला वाढला तर वीतभर होतो, आणि भरपूर घाण करतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी ५६ लिटर पाणी मावतं. वाळू-दगड घालून, वर बोटभर जागा सोडून उरतं पंचेचाळीसच्या आसपास. नऊ गोल्डफिशांची घाण एवढ्या पाण्यात जिरत नाही.

घाण जिरणं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण नव्या टाकीतले बहुतेक मासे ती न जिरल्यानेच मरतात. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजूनही अमोनिया होतो. तो माशांना विष. पाण्यात, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात जिवाणू वाढले की त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात चालतं आणि वनस्पती ते खातात. ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण पेटी रविवारी आणतो आणि रविवारीच वीस मासे सोडतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, आणि मग एकेक आडवा होतो. त्यात आपलं पाणी अल्कलीकडचं. सामू (पीएच) ७ असेल तर २५ अंशांना एकूण अमोनियातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे दहापट. नागपूरच्या एखाद्या मित्राच्या टाकीत जी चूक खपून गेली ती सावलीच्या बोअरच्या पाण्यात खपेलच असं नाही.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन असतो. तो जिवाणूंना मारतो आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा करतो. पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवलं की तो बराचसा उडून जातो. दुकानात अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात तेही चालतात. आणि लाइन गेली की फिल्टर बंद पडतो, हवेचा पंप बंद पडतो. गावाकडे ही गोष्ट गृहीत धरूनच मासे मोजावेत. विजेवाचून चार तास निभावेल एवढेच मासे टाकीत असावेत. फायटर, गुरामी यांच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारा वेगळा अवयव असतो, मरळीलाही तसंच जमतं, म्हणून ते विजेच्या खोळंब्यात तग धरतात. बाकीच्यांना ती सोय नाही.

आता सोबतीचं.

सोबत कशी जमवायची हे या भागातल्या मच्छीमार संस्थांना तलावात बीज सोडताना ठरवावं लागतं. कतला वरच्या पाण्यात खाते, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांचं पोट वेगवेगळ्या थरावर भरतं, म्हणून एकाच तलावात तिघे वाढतात. काचेच्या टाकीतही हाच हिशेब लावायचा. वर फिरणारे काही, मधल्या पाण्यात थव्याने राहणारे काही, तळ चाळणारे काही. एकाच थरावर सगळे कोंबले की मारामाऱ्या होतात. तलावाच्या काठी जाळं सुकवत बसलेले एक ढिवर काका बोलता बोलता म्हणाले, “मरळ असली का बारीक मासोळी काठाच्या गवतात राह्यते, मधात येत नाही जी.” तलावात बारीक मासोळीला गवत आहे, काठ आहे. दोन फुटांच्या काचेत पळायला जागा नाही. म्हणून पहिला नियम असा की ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, त्याला त्याच्याजवळ ठेवू नये. एंजल पिल्लू असताना निऑनशी गुण्यागोविंदाने राहतो. सहा महिन्यांत त्याचं तोंड वाढतं आणि रात्री दिवा बंद झाल्यावर निऑन कमी होऊ लागतात. घरच्यांना वाटतं मासा उडून बाहेर पडला असेल. तो एंजलच्या पोटात असतो.

मग शेपट्या. टायगर बार्ब सुमात्राकडचा, चपळ आणि खोडकर. गप्पीच्या, फायटरच्या, एंजलच्या लांब पर-शेपट्या तो कुरतडतो. दोन-तीन ठेवले तर आणखीच. सात-आठांचा थवा असला तर ते आपापसांत भांडत बसतात आणि बाकीच्यांना सोडतात, पण तरीही लांब शेपटीवाल्यांसोबत नकोतच. फायटरचे दोन नर तर एका टाकीत कधीच नकोत. फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात १९९०च्या दशकात संकर करून काढलेला मासा, नशीब उघडतं म्हणून महागात विकतात. तो एकटाच राहतो, सोबत दिली तर मारतो.

इथे परत त्या काचेसारख्या मासोळीकडे येतो, कारण सोबतीची सगळ्यांत बारीक गोष्ट तिच्यातच आहे. आपल्या पाण्यात दिसायला जवळपास सारख्या अशा दोन पारदर्शक जाती आहेत. परांबासिस रंगा उंच, जरा गोलसर अंगाची. चांदा नामा लांबट, आणि तिचा खालचा जबडा पुढे आलेला. पहिली शांत, थव्याने राहते, पाण्यातले किडे आणि डासांच्या अळ्या खाते. दुसरी इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खाते. पुढे आलेला जबडा आणि बाहेर वळलेले दात त्यासाठीच असतात. जाळ्यातली ओली मासोळी तळहातावर घेऊन उजेडाकडे बाजूने धरली की फरक कळतो. खालचा ओठ वरच्याच्या पुढे गेला असेल तर ती घरी न्यायची नाही. दोन्ही सारख्याच सुंदर दिसतात. एक टाकीत महिनोन्महिने शोभते, दुसरी सोबतच्या बार्बांच्या अंगावर पांढरे व्रण करून ठेवते आणि घरातले लोक बुरशीचं औषध आणायला धावतात.

हेच सांगायचं आहे मला. आपल्या भागातल्या टाकीसाठी योग्य मासे आपल्या भागातच आहेत, फक्त त्यांना ओळखायला हवं. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जगभरच्या टाक्यांत आज दिसणारे कितीतरी मासे त्यात पहिल्यांदा शास्त्रीय नाव घेऊन आले, ग्लास फिश, टिक्टो बार्ब, झेब्रा हे सगळे त्यातले. झेब्रा दानिओ म्हणजे निळ्या आडव्या पट्ट्यांचा, भारतीय उपखंडातल्या ओढ्या-शेतांतला बोटभर मासा. अमेरिकेत ऑरेगॉनच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत नेलं आणि १९८१ साली त्याचं क्लोनिंग केलं. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून जगातल्या शेकडो प्रयोगशाळांत तो आहे. निसर्गात तो हिवाळ्यात ६ अंशांपासून उन्हाळ्यात ३८ अंशांपर्यंतच्या पाण्यात राहतो, अशी नोंद आहे. आपल्या हवेचा मासा म्हणतात तो हा. टिक्टो बार्ब म्हणजे शेपटीजवळ काळा ठिपका असलेला छोटा रुपेरी मासा, नराला विणीच्या दिवसांत तांबूस झाक येते. दांडवनासारखे रासबोरा, काळ्या पट्टीचे, वरच्या पाण्यात चपळ. तळाशी वाळू चाळणाऱ्या छोट्या लोच मासोळ्या, सापासारख्या वळवळणाऱ्या, दिवसा दगडाखाली आणि संध्याकाळी बाहेर.

दोन फुटी टाकीत मी सहा-सात टिक्टो, तितकेच झेब्रा आणि तीन लोच ठेवीन. ग्लास फिश हवी असेल तर झेब्रा कमी करून पाच-सहा, आणि रोज थोडं जिवंत खाणं द्यायची तयारी हवी, कारण ती कोरडे दाणे सुरुवातीला तोंडात घेऊन थुंकते. वाम, मरळ, शिंगी, मागूर यांना पिल्लू म्हणून आणायचा मोह होतो. तो टाळावा. वाम हातभर वाढते, मरळ त्याहून लवकर वाढते, आणि शिंगीचा काटा लागला तर मोठा माणूसही कळवळतो.

वनस्पतीही इथल्याच घ्याव्यात. गोंड राजांच्या काळापासून या भागात तलाव बांधले गेले, त्यात कोहळी समाजाचं कसब मोठं. पुढे मालगुजारांकडे आलेले हे तलाव १९५० नंतर, मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे ते हजारो तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत आहेत. कित्येकांत बेशरम नावाचं झुडूप माजलं, तळाची पाणवनस्पती गेली आणि तिच्याबरोबर बारीक देशी मासे गेले. भंडाऱ्याचे मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाबरोबर काही तलावांत बेशरम उपटून, तळ नांगरून पुन्हा पाणवनस्पती लावल्या, तेव्हा देशी मासे परत दिसू लागले. त्या कामात ढिवर बायांचा हात मोठा आहे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम या ज्या वनस्पती तिथे मासळीसाठी लावल्या जातात, त्याच शहरांत मत्स्यपेटीच्या दुकानांत विकल्या जातात. आपल्याकडे त्या बोडीच्या काठावर मिळतात. घरी आणून दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवाव्यात, म्हणजे गोगलगायी आणि किडे कळून येतात.

मासे तलावातून आणायचे तर मच्छीमार संस्थेला विचारून, जाळं ओढायच्या दिवशी, त्यांना मोल देऊन आणावेत. जंगलातल्या संरक्षित पाण्यातून तर एकही नाही.

गप्पीचा विषय वेगळा काढतो, कारण तो आपल्याकडे मत्स्यपेटीआधी दवाखान्यातून आला. मूळचा हा मासा व्हेनेझुएला-त्रिनिदादचा. महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर, आणि तिथे आरोग्य खात्याने डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत, डबक्यांत गप्पी सोडले. मादी दर महिन्याला पिल्लं देते, कुठल्याही पाण्यात तगते. टाकीत ठेवायचा तर एका नराला दोन-तीन माद्या असं प्रमाण असावं, नाहीतर नर माद्यांचा पिच्छा पुरवून त्यांना दमवतात. पण जास्त झालेले गप्पी बोडीत ओतू नयेत. ते देशी माशांची अंडी-पिल्लं खातात आणि त्यांचं खाणंही.

बोडीत ओतण्याची सवयच घातक आहे. सकर म्हणून दुकानात बोटभर दिसणारा मासा हातभर वाढतो, टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत सोडतात. उजनी धरणात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे, त्याच्या खरबरीत काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याचं पाणी आसोलामेंढा तलावात येतं, तिथून पाटांनी शेताशेतांत जातं. सावलीतल्या एका घरातून सोडलेला सकर किंवा गप्पी या पाण्याने कुठवर जाईल याला हद्द नाही. बाजारात खायला मिळणारा रूपचंदही दक्षिण अमेरिकेचाच, त्याची पिल्लं पेटीच्या दुकानात लाल पोटाचा पिरान्हा म्हणून खपवली जातात आणि ती किलोकिलोची होतात. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या शौकिनाला द्यावा, नदीत नाही.

टाकी सुरू करायला दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. हवा सौम्य असते. तेव्हा टाकी भरावी, वाळू, झाडं, फिल्टर लावून द्यावा आणि चिमूटभर खाणं टाकत राहून महिनाभर एकही मासा सोडू नये. मग तीन-चार कणखर मासे, झेब्रा चालतील, आणि दोन आठवड्यांनी बाकीचे. नवे मासे आणले की पिशवी वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत मिसळावं. दुकानाचं पाणी मात्र टाकीत ओतू नये. जानेवारीच्या रात्री थंड असतात, तेव्हा परदेशी मासे असतील तर हीटर हवा. देशी मासे तेव्हा सुस्तावतात, खाणं कमी करावं, एवढंच. मे महिन्यात झाकण काढून पाण्यावर पंख्याचा झोत सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत, त्या धक्क्याने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उसळतो. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं, सगळं कधीच नाही, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

देशी मासे कोणी विकत नाही म्हणून लोक नेत नाहीत, आणि लोक मागत नाहीत म्हणून कोणी विकत नाही. हे चक्र सावली तालुक्यातच मोडता येईल. टिक्टोची वीण सोपी आहे. जोडी झाडांच्या दाट जुडीत अंडी घालते, लगेच आईबापांना बाजूला काढायचं, नाहीतर तेच अंडी खातात. दिवस-दोन दिवसांत पिल्लं फुटतात. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या मागच्या अंगणात शोभिवंत मासे वाढवण्याच्या छोट्या प्रकल्पाला अनुदान ठेवलं गेलं, सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के. ढिवर बायांच्या बचत गटांना मासोळी ओळखायला कोणी शिकवायची गरज नाही. त्यांना हवेत चार सिमेंटचे हौद, पाण्याची तपासणी, आणि जिल्ह्याच्या दुकानांत रंगा, टिक्टो, लोच यांच्या नावाची एक टाकी. ती टाकी मांडायला तयार आहे, माल कोण देईल ते सांगा, असं तो दुकानदार त्या संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणाला होता.